त्रेचाळीस शिट्ट्या

आमच्या भावोजींना गावात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे पंच म्हणतात. नोकरी त्यांनी वजनमापे कचेरीत केली, दुकानदारांच्या काट्यांवर शिक्के मारायची, पण ती पोटासाठी. जीव सगळा रविवारच्या फुटबॉलमध्ये. एकतीस वर्षं त्यांनी नदीकाठच्या मैदानावर शिट्टी वाजवली आणि एकतीस वर्षांत एकदाही दिलेला निर्णय मागे घेतला नाही. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. एकदा चेंडू खांबाला लागून सरळ बाहेर गेला, हे मैदानाच्या कडेला झोपलेल्या कुत्र्यानंसुद्धा पाहिलं होतं. भावोजींनी गोल दिला. माझी ताई तेव्हा नवी नवरी. तिनं घरी आल्यावर हळूच विचारलं, "अहो, तो गोल नव्हता ना?" भावोजी म्हणाले, "नसेल. पण शिट्टी वाजली." चाळीस वर्षं झाली, त्यांचा संसार याच एका वाक्यावर चाललाय.

मी त्यांचा मेहुणा. सरकारी दवाखान्यात कारकून आहे. केसपेपर, आवक-जावक आणि ज्याचं काम कुणाचंच नाही ते प्रत्येक काम माझ्याकडे. त्या वर्षी गावात काविळीची साथ आली तेव्हा दवाखान्याच्या दारात काळा फळा लावून त्यावर आठवड्याचा आकडा खडूनं लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. आठवड्यात किती नवे रुग्ण, एवढंच. लोक सकाळी फिरायला जाताना तो आकडा वाचायचे आणि चौकात जाऊन भांडायचे.

सगळ्यात जास्त रुग्ण खालच्या आळीतले. आमची भाची, म्हणजे भावोजींची एकुलती एक लेक, लग्न होऊन त्याच आळीत गेलेली. तिला तेव्हा सहावा महिना. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण, गावात नव्या, पण बोलायला रोखठोक. त्या भावोजींना म्हणाल्या, "काका, इतरांना ही कावीळ महिनाभर अंथरुणात ठेवते. गरोदर बाईच्या जिवावर बेतते." भावोजी दवाखान्यातून तडक खालच्या आळीत गेले आणि जावयाला एक शब्द न विचारता लेकीला घरी घेऊन आले. त्या दिवसापासून त्यांना माझ्या फळ्याखेरीज काही सुचेना. लेक रोज विचारायची, "बाबा, मी माझ्या घरी कधी जाऊ?" आणि हे रोज सांगायचे, "मामा फळ्यावर शून्य लिहील तेव्हा." जणू शून्य मी घरून करून आणणार होतो.

मग आकडा उतरायला लागला, आणि खरी भांडणं तिथून सुरू झाली. साथ चढत होती तेव्हा ती कुणाचीच नव्हती. उतरायला लागली तसे तिला दोन बाप निघाले. नगरपालिकेचे आजी अध्यक्ष म्हणाले, आम्ही खालच्या आळीत टँकर लावले म्हणून उतरली. माजी अध्यक्ष म्हणाले, टँकर आमच्या काळात घेतलेले, त्यामुळे उतरली ती आमच्यामुळे. डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या सभागृहात दर शनिवारी चार वाजता सभा ठेवली. हेतू चांगला होता. साथ उतरताना लोक सैल पडतात, पाणी उकळायचं सोडतात, त्यांना धरून ठेवायचं. पहिल्याच सभेत बाई "पाणी उकळून" एवढं म्हणाल्या आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ह्यांच्या राज्यात गॅस मिळतोय का उकळायला?" अर्ध्या तासात दोन खुर्च्या मोडल्या, एकाचा चष्मा गेला, आणि इतिवृत्ताच्या वहीत मी लिहिलं, "सभा चर्चेनंतर संपली."

बाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "ह्या गावात असा एक माणूस नाही का, जो बोलला की सगळे गप्प बसतात?"

माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "आहे एक. पण तो बोलत नाही, शिट्टी वाजवतो."

पुढच्या शनिवारी भावोजी पंचांचा काळा शर्ट घालून सभागृहाच्या दारात उभे राहिले. सामन्याआधी पंच खेळाडूंचे बूट तपासतो, तसे त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासले. पक्षाचा बिल्ला असला तर तो काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. मग मंचावर जाऊन त्यांनी नियम सांगितला. "इथं रोगावर बोलायचं. राजकारण निघालं की शिट्टी. शिट्टी झाली की वाक्य जिथं असेल तिथं थांबवून खाली बसायचं. दोनदा पिवळं कार्ड, मग लाल. लाल मिळालं की बाहेर जिन्यावर. माझा निर्णय अंतिम."

लोकांना वाटलं गंमत आहे. माजी अध्यक्ष हसत उठले, "पंचसाहेब, आमच्या काळात..." शिट्टी. "अहो, मी फक्त..." शिट्टी. पाचव्या मिनिटाला माजी अध्यक्ष जिन्यावर होते. समतोल राखायला हवा म्हणून सातव्या मिनिटाला आजी अध्यक्षही. टाळ्या पडल्या. भावोजींच्या चेहऱ्यावर मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं असं समाधान होतं. आणि खरं सांगतो, त्या दिवशी गावात पहिल्यांदा कुणीतरी काविळीबद्दल बोललं. हात कसे धुवायचे, रुग्णाचं भांडं वेगळं का ठेवायचं, झाडपाल्याच्या नादी का लागायचं नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्या आठवड्यात फळ्यावर एकसष्ट होते.

इतिवृत्त लिहायला मी मंचाच्या खालीच बसायचो. अडचण अशी, की अर्ध्यात तुटलेलं वाक्य वहीत कसं लिहायचं? भावोजींना विचारलं तर म्हणाले, "जेवढं ऐकलंस तेवढं लिही. पुढं कंसात शिट्टी." मी सरकारी माणूस. सांगितलं तसं लिहीत गेलो.

आता राजकारण कुठं सुरू होतं हा प्रश्न अवघड. भावोजींनी तो वजनमापे कचेरीच्या पद्धतीनं सोडवला, म्हणजे यादी केली. आधी यादीत निवडणूक, पक्ष आणि अध्यक्ष होते. मग ठेकेदार आला. मग टाकी, कारण टाकीला माजी अध्यक्षांच्या वडिलांचं नाव होतं. मग टँकर, कारण त्याच्यावरून जिन्यात मारामारी झाली. मग रस्ता, कारण खालच्या आळीतला रस्ता आजी अध्यक्षांनी नुकताच गुळगुळीत केला होता आणि ते तो वाक्यावाक्यात घुसवायचे. पाइप तर पहिल्याच शनिवारी गेला. तो कुणाच्या काळात टाकला यावर दोन्ही बाजूंनी हिरीरीनं बोलायला सुरुवात केली होती. त्यामुळे गावात पाण्यातून पसरणाऱ्या रोगावर पाच शनिवार चर्चा झाली आणि त्यात पाणी घरात कुठून येतं हे बोलायला बंदी होती. लोक घागर, पातेलं आणि पेला यांच्यावर भरभरून बोलले.

दुसरीकडे जिना भरत चालला. तिसऱ्या शनिवारी सभागृहात एकोणीस आणि जिन्यावर चाळीस माणसं होती. जिन्यावर चहा मिळायचा. ज्याला चर्चेचा कंटाळा आला तो मुद्दाम "निवडणूक! निवडणूक!" असं म्हणून बाहेर जायला लागला. भावोजींना ते खेळाडूनं मुद्दाम पडल्यासारखं वाटायचं आणि ते अधिकच कडक व्हायचे. आकडा मात्र उतरत होता. एकसष्ट, चाळीस, बावीस. भावोजी रोज सकाळी फळ्यासमोर हाताची घडी घालून उभे राहत, आणि एक दिवस मला म्हणाले, "बघितलंस? शिस्त लावली की रोगही ऐकतो." साथीला तिसरा बाप मिळाला तो असा.

आता चावीवाल्याबद्दल सांगायला हवं. नगरपालिकेचा हा माणूस रोज पहाटे खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघतो आणि आळीआळीतले जमिनीतले वॉल्व्ह उघडतो, बंद करतो. वॉल्व्ह एकदम उघडला तर पाण्याच्या धक्क्यानं जोड निसटतात. म्हणून तो पाव फेरा देतो, थांबतो, कान लावतो, पुन्हा पाव फेरा. तीस वर्षं हे केल्यावर तो बोलतोही तसाच. चहाला होय म्हणायला त्याला चहा निवेपर्यंत वेळ लागतो. पहिल्या शनिवारी तो उठला, गळा साफ केला, आणि म्हणाला, "खालच्या आळीचा वॉल्व्ह मी बंद केलाय, कारण तिथला पाइप..." शिट्टी. बसला. त्याला राग येत नाही. दुसऱ्या शनिवारी पुन्हा उठला आणि जिथं थांबला होता तिथून पुढं सुरू केलं. पुन्हा शिट्टी. तिसऱ्याला तसंच. मधल्या सात दिवसांत आधीचा तुकडा कुणाच्याच लक्षात राहायचा नाही, त्यामुळे तो उठला की लोक हसायचे. मीही हसलो. पण शिट्टी झाल्यावर तो निमूट बसायचा. तुला लाल कार्ड कसं मिळत नाही, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मी शनिवारी एकदाच उठतो ना."

दुसऱ्या शनिवारी आणखी एकजण उठली होती. खालच्या आळीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान असलेली बाई. ती म्हणाली, "आम्ही सुनेला घेऊन निघालो, अध्यक्षांकडे गाडी मागायला गेलो, तर..." शिट्टी. गाडीचं गाऱ्हाणं, उघड होतं. समोरच्या रांगेतले काही जण "अरे अरे" म्हणाले, काही जण हसले. ती क्षणभर उभी राहिली, मग बसली, आणि सभा संपायच्या आत उठून गेली. पुन्हा आली नाही. मी कंसात शिट्टी लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.

चौथ्या आठवड्यात नऊ. पाचव्या शुक्रवारी मी फळा पुसला आणि शून्य काढलं. जरा मोठंच काढलं, हौस म्हणून. भावोजी तिथं किती वेळ उभे होते देव जाणे. शनिवारची सभा आभाराची झाली. हार, भाषणं, भाषणांत शिट्ट्या. जाहीर झालं की रविवारी अकरा वाजता आजी आणि माजी अध्यक्ष दोघं मिळून खालच्या आळीचं पाणी पुन्हा सुरू करतील. देखभालीसाठी बंद होतं म्हणे, आता साथ संपली, टँकर बंद, नळ सुरू. दोघं एका कशात सहमत झाले म्हणून डॉक्टरीणबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. टाळ्यांच्या गडबडीत चावीवाला उठला होता. शिट्टी.

रविवारी सकाळी नऊला जावई आला आणि भाचीला घेऊन गेला. तिला आठवा लागत होता. ती रिक्षात बसली तेव्हा भावोजींनी तिला विचारलं, "सांभाळून राहशील ना?" आणि ती म्हणाली, "बाबा, शून्य झालंय. आता तरी शिट्टी खाली ठेवा." ताईनं डोळे पुसले. दीड महिन्यानं घर रिकामं झालं होतं.

मी तिथं सह्या घ्यायला गेलो होतो. पंच सामना संपल्याशिवाय निकालपत्रावर सही करत नाही, म्हणून भावोजींनी पाचही इतिवृत्तांवरच्या सह्या शेवटच्या दिवसासाठी ठेवल्या होत्या. आणि शिक्के मारणारा माणूस न वाचता सही करत नाही, म्हणून ताईनं ती मोठ्यानं वाचायची आणि ह्यांनी दाढी करता करता ऐकायची, असं ठरलं. ताई कंटाळली. पानं उलटत म्हणाली, "हा चावीवाला दर वेळी अर्ध्यातच काय उठतो? हे बघ, सुरुवातच 'गटाराजवळ फुटलाय' अशी. काय फुटलाय?"

मी म्हणालो, "आधीच्या शनिवारचं पुढं चालू असतं त्याचं."

ताईनं मागचं पान काढलं. मग पुढचं. मग तिचा आवाज बदलला आणि ती एकेक पान उलटत नुसतं त्याचंच वाचत गेली, शिट्ट्या गाळून.

"खालच्या आळीचा वॉल्व्ह मी बंद केलाय, कारण तिथला पाइप... गटाराजवळ फुटलाय, मी डोळ्यांनी पाहिलाय, पण अध्यक्ष... म्हणाले बोभाटा करू नको. म्हणून आळीला पाणी बाहेरून येतंय, आणि आकडा उतरतोय तो टँकर... मुळंच. पण दुरुस्ती झालेली नाही, कारण वरचा रस्ता... फोडायला कुणी तयार नाही. फुटलंय ते आहे तसंच आहे. वॉल्व्ह उघडला की गटार घरात येईल, म्हणून हे उद्घाटन..."

वस्तऱ्याचा आवाज थांबला होता. भावोजी अर्ध्या गालावर साबण घेऊन दारात उभे होते. त्यांचा चेहरा मला बघवेना. घड्याळात अकरा वाजायला दहा मिनिटं होती.

मी बापडा अजून विचारतच होतो, की हा माणूस दवाखान्यात येऊन सरळ का नाही बोलला. मग आठवलं. आला होता. सभा सुरू झाल्या त्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला होता, आणि मी वर न बघता म्हणालो होतो, "शनिवारी सभेत मांडा."

भावोजी धावले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पायात घरातल्या सपाता, गालावर साबण, गळ्यात शिट्टी. ती ते काढतच नसत. मी मागून. खालच्या आळीच्या तोंडाशी मांडव, खुर्च्या, रिबीन लावलेलं वॉल्व्हचं झाकण. दोन्ही अध्यक्ष हातात हात घालून फोटोसाठी उभे. चावीवाला चावी खाली लावून बसलेला, पण त्याचा पाव फेरा त्या दिवशी फारच हळू चालला होता. नंतर कळलं, तो मुद्दाम नुसताच झाकणाशी खुडबुड करत होता.

शिट्टी वाजली. पाच शनिवारांत गावाला अशी सवय लागली होती की बँडवाल्याचाही सूर अर्ध्यात तुटला. भर उन्हात दोनशे माणसं चिडीचूप. आणि भावोजी मोठ्यानं म्हणाले, "पाइप फुटलाय. रस्त्याखाली. टाकीपासून इथपर्यंत सगळं ठीक आहे, इथं गटारात फुटलाय, आणि अध्यक्षांना माहीत आहे." यादीतले बहुतेक शब्द त्यांनी एका दमात वापरले.

मग माजी अध्यक्ष दोन्ही हात जोडून अतिशय नम्रपणे म्हणाले, "पंचसाहेब, आज चांगला दिवस आहे. राजकारण नको."

"हो हो, राजकारण नको," आजी अध्यक्ष म्हणाले. गेल्या दहा वर्षांत त्यांनी माजी अध्यक्षांच्या वाक्याला दिलेली ही पहिली दाद. मागून कुणीतरी ओरडलं, "पिवळं कार्ड!" लोक हसले. दुसरा म्हणाला, "पंच, जिन्यावर जा!" बायकासुद्धा हसल्या. भावोजींनीच शिकवलं होतं सगळ्यांना. गाव हुशार विद्यार्थी निघालं.

मग भावोजी वाकले आणि चावीवाल्याला म्हणाले, "चावी दे."

चावीवाल्यानं अध्यक्षांकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट झटक्यात केली. ती दहा-बारा किलोची लोखंडी चावी त्यानं त्यांच्या हातात दिली. भावोजींनी ती खांद्यावर टाकली, म्हणाले, "सामना रद्द," आणि चालायला लागले. पंच चेंडू काखोटीला मारून निघाला की सामना होत नाही, हे गावाला माहीत होतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढं झाल्या. त्यांनी चावीवाल्याला सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारला, आणि त्यानं पाच शनिवारांचं उत्तर दोन मिनिटांत, पुरं, शिट्टीशिवाय दिलं. बाईंनी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागं लिहिलं, दुरुस्ती होईपर्यंत पाणी सोडू नये, आणि खाली सही करून ती दोन्ही अध्यक्षांच्या हातात दिली.

भाचीच्या घरात मोरीतला नळ उघडा, खाली बादली, आणि ती स्टुलावर बसून पाण्याची वाट बघत होती. नळातून काही येत नव्हतं. भावोजी चावीसकट आत आले, नळ घट्ट बंद केला, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. ती म्हणाली, "बाबा, साबण पुसा तो."

मंगळवारी रस्ता फोडला. गटाराच्या खालीच पाइपला हात जाईल एवढं भोक होतं. खड्ड्याशेजारी आजी अध्यक्षांनी फोटो काढून घेतला, दुपारी माजी अध्यक्षांनी. मी फळा ठेवला तो ठेवलाच, पण पुन्हा शून्याखेरीज काही लिहावं लागलं नाही. भाचीला वेळेवर मुलगी झाली, दोघी ठणठणीत. गोष्ट इथं संपवता आली असती, आणि ताईचा आग्रहही तोच आहे.

पण भावोजींनी मला बोलावलं आणि वही मागितली. नुसतं "निवडणूक" ओरडून चहाला गेलेले सोडून त्यांनी वहीतल्या सगळ्या शिट्ट्या मोजल्या होत्या. एकूण त्रेचाळीस. म्हणाले, "प्रत्येकाकडे जाऊ. काय म्हणणार होता, विचारू." मी हात जोडले, पण एकतीस वर्षांत ज्यानं एक निर्णय मागं घेतला नाही तो आता त्रेचाळीस तपासायला निघाला होता, त्याला कोण अडवणार? आम्ही तीन दिवस दारोदार फिरलो. आणि गंमत बघा, बहुतेक ठिकाणी शिट्टी बरोबर होती. एक जण म्हणाला, मी माजी अध्यक्षांच्या घरात किती नळ आहेत ते सांगणार होतो. एकाला आठवतच नव्हतं, पण त्यानं तिथल्या तिथं नवीन शिवी तयार करून दिली. सदतीस वाक्यं अशीच निघाली. पाच चावीवाल्याची. भावोजींची मान जरा वर येऊ लागली होती. रस्त्यात मला म्हणाले, "म्हणजे पद्धत चुकीची नव्हती. एक माणूस चुकला, बाकी..."

त्रेचाळिसावी शिट्टी राहिली होती. आम्ही इस्त्रीच्या दुकानात गेलो.

बाई चादरीला इस्त्री करत होती. भावोजी उंबऱ्याशी उभे राहिले. म्हणाले, "त्या शनिवारी तुम्ही अध्यक्षांच्या गाडीबद्दल बोलत होतात. मी थांबवलं. गाडी दिली नाही ना त्यांनी? मला कळायला हवं."

"दिली की," ती म्हणाली. "लगेच दिली. ड्रायव्हरही चांगला होता बिचारा, किती जोरात नेली त्यानं."

"मग?"

इस्त्री चादरीवरून पुढं गेली आणि परत आली. "वाटेतच गेली सून. आठवा चालू होता. दवाखान्यात पोचलोच नाही आम्ही." दवाखान्यात पोचली नाही, म्हणून ती माझ्या फळ्यावर नव्हती. "मला गाऱ्हाणं नव्हतं करायचं. एवढंच सांगायचं होतं, की तिचे डोळे पिवळे झाले नव्हते. आम्ही डोळे पिवळे व्हायची वाट बघत बसलो. चार दिवस नुसती मळमळ होती, आम्हाला वाटलं, बाळाची असेल. तिथं सभेत पोटुशा लेकीसुनांच्या आया बसल्या होत्या ना समोर. त्यांना सांगायचं होतं, वाट बघू नका म्हणून."

माझी ताई त्या शनिवारी समोरच्या रांगेत बसली होती.

मग बाईनं चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघांनी मिळून ती घडी केली. त्यांना घडी करता येत नव्हती, तिनं दोनदा सरळ करून दिली. बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्याकडून वही घेतली, दुकानासमोरच्या कठड्यावर ठेवली, आणि दुसऱ्या शनिवारचं पान काढलं. "गाडी मागायला गेलो, तर" याच्या पुढचं कंसातलं शिट्टी त्यांनी खोडलं आणि ती जे बोलली ते शब्दन् शब्द, शिक्क्याखाली लिहायच्या त्यांच्या बारीक अक्षरात लिहायला घेतलं. जागा पुरेना. उरलेलं समासात लिहावं लागलं, कारण त्या बाईसाठी मी एकाच शब्दाची जागा सोडली होती.